‘मी घाटी नाही’ हे पोराला सिद्ध करायला लावू नका

पत्र (थोडं कमी करून देतेय):

ताई, आम्ही मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातले. मिस्टर 1999 ला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले, आता सुपरवायझर आहेत. वास्कोजवळ आमचा छोटा फ्लॅट आहे, दोन्ही मुलं गोव्यातच जन्मली. मुलगी यंदा कॉलेजसाठी पुण्याला गेली, मुलगा नववीत आहे. त्याला वर्गात आणि बालरथात (शाळेच्या बसमध्ये) ‘ए घाटी’ अशीच हाक मारतात. माझा भाऊ मार्केटबाहेर भाजी विकतो, त्याच्या फोटोवर ह्याचं तोंड चिकटवून मुलांनी व्हॉट्सॲपवर स्टिकर केलाय. चवथीच्या आधी शाळेत घुमट आरतीचं पथक निवडत होते, हा घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) छान वाजवतो, पण मुलं म्हणाली ‘घुमट गोंयकारांचें, तूं वच तुज्या गांवांत’ (घुमट गोव्याच्या माणसांचं, तू जा तुझ्या गावाला) आणि ह्याने स्वतःच नाव काढून घेतलं. आता मला पीटीएला येऊ नको म्हणतो, माझं कोंकणी ऐकून हसतील म्हणे. गणितात 70 च्या खाली कधी गेला नव्हता, ह्यावेळी 38. टीचर म्हणतात मुलांची मस्करी असते, मनावर घेऊ नका. मिस्टर म्हणतात दोन कानाखाली ठेवून ये. आम्ही काय लमाणी किंवा मजूर नव्हे, चांगल्या घरातले आहोत, हे त्या पोरांना कसं कळणार? शाळा बदलू का?
– एक आई, मुरगाव तालुका

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. शाळा आत्ता बदलू नका, कारण अजून तुम्ही शाळेकडे नीट असं काही मागितलेलंच नाहीये, गेटवर टीचरशी दोन मिनिटं बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. तक्रार कशी करायची ते पुढे सांगते, पण त्याच्या आधी घरातलं बोलायला पाहिजे, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं आणि मला वाटतं तुमच्या मुलाच्या त्रासाचा एक धागा तिथेही अडकलाय.

‘आम्ही काय लमाणी किंवा मजूर नव्हे.’

राग मानू नका, मी समजू शकते तुम्ही हे का लिहिलंत. कोणी चिखल उडवला की माणूस पहिल्यांदा आपला पदर बाजूला ओढतो. पण बघा ना, ती पोरं तुमच्या मुलाला जे म्हणतायत त्याचा अर्थ काय, तर माणसांची एक रांग आहे, पुढे निज गोंयकार, म्हणजे खरे गोव्याचे, मागे भायले, म्हणजे बाहेरचे, आणि तुझा नंबर मागे. आणि आपण घरात बसून काय म्हणतोय, तर रांग बरोबर आहे हो, फक्त आमचा नंबर चुकलाय, आमच्या मागे ते लमाणी आहेत की. मुलगा हे ऐकतो. नववीतला पोर म्हणजे काय बाळ नव्हे, त्याला बरोबर कळतं की घाटी असणं हे घरातही वाईटच समजतात, म्हणजे मग आता आपल्याकडे एकच रस्ता उरला, आपण तसे नाही हे रोज दाखवत राहायचं. आणि ते दाखवायचं असेल तर काय काय लपवावं लागेल बघा. भाजीवाला मामा लपवायचा, सुट्टीत गावी गेलो ते लपवायचं, डब्यातली भाकरी आणि ठेचा लपवायचा, आणि आई जर तोंड उघडल्यावर पकडली जात असेल तर आईसुद्धा लपवायची. पीटीएचं जे झालंय ते हेच झालंय. त्याला तुमची लाज वाटतेय का, तर हो, थोडी वाटतेय, खोटं कशाला सांगू, आणि आपल्याला आईची लाज वाटते ह्याची त्याला रात्री पडल्यावर त्याहून जास्त लाज वाटत असणार. म्हणून त्याला ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू मला लाजतोस’ हे वाक्य चुकूनसुद्धा ऐकवू नका. मनात आलं तरी गिळून टाका.

आणि त्याच वर्गात खरोखरच एखादं लमाणी किंवा मजुराचं पोर असेल, मुरगावातल्या शाळेत नसेल असं होणारच नाही, तर त्याला तुमच्या मुलापेक्षा दुप्पट ऐकावं लागत असणार आणि त्याची आई पत्र लिहायलाही बसलेली नसणार. हे आपलं जाता जाता, पण विचार करा.

आता गणिताचं. 38 बघून तुम्ही घाबरलात, ट्यूशन लावायचा विचार चालू असेल. जरा थांबा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, 2004 मध्ये तो आला. मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, बरोबर सुटेल तितके पैसे. कोण कुठल्या जातीचा हे कुणी उच्चारलं नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची पोरं जवळजवळ सारखीच कोडी सोडवत होती. मग वेगळ्या गटांत सगळ्यांसमोर नाव, गाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली, आणि खालच्या म्हटलेल्या जातीच्या मुलांची कोडी धडाधड कमी झाली. डोकं तेच, कोडी तीच, पैसे तेच. फक्त सगळ्यांच्या कानावर एक शब्द पडला होता. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो शब्द दिवसातून कितीदा पडतोय हे तुम्हीच लिहिलंय. फळ्यासमोर उभा राहिला की मागून कोणीतरी हळूच म्हणणार, हे माहीत असलेल्या पोराचं अर्धं डोकं मागच्या बाकाकडे असतं, उरलेल्या अर्ध्यात बीजगणित किती मावणार. ट्यूशन लावायची तर लावा, पण तो दुखणं गुडघ्याला आणि मलम कपाळाला असा प्रकार होईल.

टीचर म्हणाल्या मस्करी. मस्करी आणि छळ ह्यात फरक करायला मला काही मोठं शास्त्र लागत नाही. मस्करीत आज मी तुला, उद्या तू मला, आणि ज्याची झाली तो ‘बस झालं’ म्हणाला की थांबते. इथे एकच पोर रोज, समोर टोळकं, आणि थांब म्हटल्यावर स्टिकर निघाला. ह्याला बुलिंग म्हणतात आणि टीचरना हे सांगताना हाच शब्द वापरा, ‘चिडवतात’ म्हणू नका, चिडवतात म्हटलं की शाळेत सगळे हसून सोडून देतात.

आता एक बाजू गोव्याचीही सांगते, नाहीतर ह्या पत्राला उत्तर अर्धंच होईल, आणि मी स्वतः इथलीच आहे त्यामुळे ही बोलणी मी लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर ऐकलेली आहेत. एवढंसं राज्य, 3702 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. जमिनी विकल्या जातायत, डोंगर कापले जातायत, पोरांना नोकऱ्या नाहीत, आपली भाषा आपल्याच बाजारात ऐकू येत नाही, ही भीती खरी आहे, तिला मी खोटी म्हणणार नाही. पण त्या भीतीचा राग निघतो कुणावर बघा. डोंगरावर कोटींचा व्हिला घेणारा दिल्ली-मुंबईचा माणूस, त्याच्या मुलाला कोणी ‘ए घाटी’ म्हणत नाही, त्याच्या मुलाची इंग्लिश ऐकून उलट सगळे मवाळ होतात. घाटी कोण, तर जो भाजी विकतो, सेंट्रिंग करतो, वेर्ण्यात शिफ्ट करतो. मोठी माणसं जेवताना ‘ह्या भायल्यांनी वाट लावली’ म्हणतात, पोरं ते दप्तरात घालून शाळेत नेतात आणि जो हाताला लागेल त्याच्यावर काढतात. त्या पोरांनी हे घरी ऐकलंय, तुमच्या मुलाने तुमच्या घरी लमाण्यांचं ऐकलंय. चालतं ते हे असं.

आणि गंमत म्हणजे गोव्याइतका घर सोडून गेलेला मुलूख शोधून सापडणार नाही. पोर्तुगीज काळात माणसं मंगळूर, कारवार, कोचीपर्यंत गेली, मुंबईत धोबी तलावाला गावागावाच्या कुडी होत्या जिथे बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गोंयकार ट्रंका टाकून राहायचे, मग आफ्रिका, मग गल्फ, आता इंग्लंडातलं स्विंडन. आज वर्गात तुमच्या मुलाला ‘वच तुज्या गांवांत’ म्हणणाऱ्या पोराचा काका बहुतेक इंग्लंडात कुठल्यातरी गोदामात नाईट शिफ्ट करत असेल आणि तिथल्या कोणीतरी त्याला हेच वाक्य इंग्लिशमधून ऐकवलेलं असेल. पण हे तुमच्या माहितीसाठी हां, मुलाला पाठ करून वर्गात भाषण द्यायला लावू नका. चौदा वर्षांच्या टोळक्यासमोर इतिहास सांगणाऱ्या पोराचं काय होतं ते आपण सगळे शाळेत जाऊन आलोय, माहीत आहे.

घुमटाचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. स्टिकरपेक्षा जास्त. स्टिकर लोकांनी केला, नाव मात्र त्याने स्वतः काढून घेतलं. घुमटाला 2019 मध्ये सरकारने राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, छान झालं, पण घुमट कधीच एका घरचं नव्हतं, चवथीच्या आरतीत शामेळ-कांसाळ्याबरोबर ते वाजतं आणि ख्रिश्चन घरात मांडो गातात तेव्हाही तेच वाजतं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने घोरपड मारायला बंदी आली तसं बकऱ्याचं चढलं, आणि तरीही ते घुमटच राहिलं. ज्याच्या हाताला ताल आहे त्याचं वाद्य, एवढंच मला कळतं. शाळेच्या पथकात नाही तर नाही, तुमच्या वाड्यावर, सोसायटीत, जवळच्या देवळात आरतीचं पथक असेलच, तिथे मोठी माणसं असतात, ती घाटी-बिटी बघत नाहीत, ठेका चुकला की शिव्या घालतात फक्त. त्याला तिथे पाठवा, म्हणजे त्याला शाळेबाहेर एक जागा होईल जिथे तो ‘घाटी’ नाही, ‘घुमट वाजवणारा’ आहे. ह्या वयात अशी एक जागा असणं हे शंभर समजावण्यांपेक्षा जास्त कामाचं, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत बघितलंय.

आता एक असं जे तुम्ही पत्रात विचारलं नाहीये पण मला त्यात दिसतंय. तुमच्या मुलाला स्वतःसारखं कोणी कुठे दिसतच नाही. गोव्याची जाहिरात बघा, समुद्र, शॅक, फेसाळते ग्लास. हिंदी सिनेमातला गोवा म्हणजे एक दारुडा अंकल आणि पार्टी. मराठी सिरियलीतली घरं पुण्या-मुंबईची, घाटावरचा माणूस आला तर हसायला आणलेला. गोव्यावरच्या पुस्तकात भाटकार (जमीनदार) आहे, मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारा) आहे, पाद्री आहे, भट आहे, पण वेर्ण्याला बसने शिफ्टला जाणारा बाप आणि त्याचं गोव्यात जन्मलेलं पोर कुठे आहे? मला सापडतं ते एकाच ठिकाणी, पेपरात, ‘परप्रांतीय कामगारास अटक’. चोरी केली की गाव छापून येतं. त्याच माणसाने वीस वर्षं इमाने काम केलं, सप्ताहात दामोदराच्या देवळाबाहेर लोकांना पाणी वाटलं, रक्तदान केलं तर तो कुठल्या प्रांताचा हे कुणी छापत नाही. पोरगं रोज हे बघतंय. मग आपण कोण ह्याचं चित्र तयार करायला त्याच्याकडे उरतं काय, तर मुलांनी केलेला तो स्टिकर.

ह्यावर लोक लगेच थोरामोठ्यांची उदाहरणं देतात. मीही एक देते, मला ते आवडतं म्हणून. केरीच्या गायिका केसरबाई केरकर. ज्या समाजात त्या जन्मल्या त्या कलावंत समाजातल्या बायकांना त्या काळी गोव्यातले प्रतिष्ठित लोक काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. लहानपणी गाणं शिकायला घरच्यांनी त्यांना घाट चढून कुठे नेलं, तर कोल्हापूरला, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. आणि 1977 मध्ये व्हॉयेजर यान सोडलं त्यात पृथ्वीवरच्या आवाजांची जी तबकडी ठेवली तिच्यात त्यांची भैरवी आहे. आज सगळा गोवा त्यांचं नाव छाती फुगवून घेतो. सांगा मुलाला हे, जरूर सांगा, पण ह्याने त्याचं पोट भरेल असं समजू नका. मोठी नावं ही बऱ्याचदा आपल्या मोठ्यांच्याच समाधानासाठी असतात. चौदा वर्षांच्या पोराला अंतराळातल्या केसरबाईंपेक्षा त्याच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, त्याच्यासारखाच, हेच सगळं ऐकून आता आयटीआयला किंवा इंजिनियरिंगला गेलेला एखादा दादा जास्त कामाला येतो. वेर्ण्यात मिस्टरांबरोबर काम करणाऱ्यांची मुलं असतील की. शोधा एक. जेवायला बोलवा. तुम्ही स्वयंपाकघरात जा आणि त्यांना बोलू द्या.

आणि सगळ्यात जवळचं माणूस तर तुमच्याच घरात आहे, म्हणजे होतं, आता पुण्यात आहे. तुमच्या मुलीला एकदा विचारा तिला तिथे काय ऐकावं लागतं. मी पैजेवर सांगते, ‘गोव्याची? मग रोज पार्टी!’, ‘येताना फेणी आण हं’, ‘तुमच्यात सगळे ख्रिश्चनच ना?’, आणि वर ‘एवढं छान मराठी कसं काय बोलतेस’. 2011 च्या जनगणनेत गोव्यात 66 टक्के हिंदू आणि 25 टक्के ख्रिश्चन आहेत हे कुणाला माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायचं नसतं, सिनेमात बघितलंय ना. मुलीच्या बाबतीत तर ते विनोदावर थांबत नाही, गोव्याची मुलगी म्हणजे ‘मोकळी’ असा एक घाणेरडा हिशोब काही पोरांच्या आणि कधी कधी रूम देणाऱ्या काकूंच्याही डोक्यात असतो. म्हणजे बघा, एका आईची दोन मुलं, भाऊ गोव्यात घाटी, बहीण घाटावर गोंयकार. एक तिलारी घाट काय तो मधे. मी तुमच्या जागी असते तर त्या दोघांना एका रविवारी फोनवर ह्याच विषयावर बोलायला बसवलं असतं. बहीण सांगेल तिला काय म्हणतात, भाऊ सांगेल त्याला काय म्हणतात, आणि बहुतेक दोघं हसतील, कारण दोन्हीकडची वाक्यं शेजारी ठेवली की त्यांचा मूर्खपणा आपोआप उघडा पडतो. आईबापाने ‘तुझी चूक नाही’ कितीही म्हटलं तरी पोराला वाटतं ते म्हणणारच. बहिणीचं तसं नाही.

आता कामाचं. आज रात्री त्याला समोर बसवून ‘सांग काय झालं’ असं करू नका, गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, बाजूबाजूला बसून बोला, ह्या वयाची मुलं डोळ्यात बघून बोलत नाहीत. एवढंच म्हणा की मला माहीत आहे शाळेत काय चाललंय, ते चूक आहे, ते थांबवायचं काम तुझं एकट्याचं नाही, आणि तुला विचारल्याशिवाय मी शाळेत जाऊन तमाशा करणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण मुलं घरी सांगत नाहीत ती ह्याच भीतीने, की आईबाबा येऊन आणखी हसं करतील. ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नका. दुर्लक्ष त्याने आधीच करून बघितलंय, मोठ्या माणसांच्या आधी मुलं तेच करून बघतात. हाक मारल्यावर काय म्हणायचं असं त्याने विचारलं तर उलटी शिवी शिकवू नका, ‘म्हाका नांव आसा’ (मला नाव आहे) एवढं म्हणायचं आणि चालू लागायचं, शक्यतो जिथे दुसरं कोणी आहे तिकडे. रोज जमेल असं नाही. नाही जमलं तर नाही जमलं, त्याचा हिशोब मागू नका.

स्टिकर, मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असे, आणि मग त्याला वाटलं तर ग्रुप सोडू दे. आधी सोडला तर पुरावा जातो. मामाचा फोटो आहे त्यात, तेव्हा मामालाही सांगा, त्याच्यापासून लपवू नका, उलट तो आला तर बरंच होईल, पोराला दिसेल की मामा हसून ‘माझ्या भाजीची फुकट जाहिरात केली रे’ म्हणतो की काय म्हणतो ते.

मग शाळेला लेखी अर्ज. मराठीत लिहा, इंग्लिश येत असेल तर इंग्लिशमध्ये, पण लेखी. भावना थोड्या, घटना जास्त, कोणत्या तारखेला, कुठे, कोण होतं, काय म्हटलं. बालरथ, वर्ग, पथकाची निवड आणि व्हॉट्सॲप ह्या चारही जागा वेगवेगळ्या लिहा, कारण उपाय वेगवेगळे आहेत. बालरथात अटेंडंट असतो, त्याला मागच्या सीटकडे लक्ष ठेवायला सांगणं हे हेडमास्तरांना एका मिनिटाचं काम आहे. पथकाची निवड परत घ्यायला सांगा, त्याने स्वतः नाव काढलं असलं तरी. आणि दोन गोष्टी करू नका असंही अर्जात स्पष्ट लिहा, एक म्हणजे असेंब्लीत त्याला उभं करून सगळ्यांना लेक्चर देऊ नका, दुसरी म्हणजे त्या मुलांना आणि ह्याला समोरासमोर उभं करून ‘चला हात मिळवा’ करू नका. शाळांना हे दुसरं फार आवडतं. दोघांचं भांडण असेल तर हात मिळवून मिटतं, पण एका बाजूला सहाजण आणि दुसऱ्या बाजूला एक असेल तर त्या एकाला फक्त आणखी एकदा सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागते. त्या मुलांशी एकेकट्याने बोलावं, त्यांच्या पालकांना शाळेने बोलवावं.

समुपदेशक आहे का ते विचारा. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे समुपदेशक शाळांत येतात, पण एकाकडे अनेक शाळा असल्या की आठवड्यातला एखादा दिवस वाट्याला येतो, तेव्हा कुठल्या दिवशी येतात ते विचारून घ्या. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले, त्यात 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा असं म्हटलंय, अर्जात ही एक ओळ घातली की हेडमास्तर अर्ज दोनदा वाचतील. आणि समुपदेशक म्हणजे वेड्यांचा डॉक्टर नव्हे हे मिस्टरांना तुम्हीच समजवा. आपल्या गोव्यातल्याच संगाथ ह्या संस्थेने बिहारमध्ये शाळांत एक मोठा प्रयोग केला होता, 2018 मध्ये तो लॅन्सेट ह्या नियतकालिकात छापून आला. काही शाळांत आधीच असलेल्या शिक्षकांवर काम सोपवलं, काहींत त्याच कामासाठी स्थानिक माणसाला थोडं प्रशिक्षण देऊन नेमलं. नेमलेल्या माणसामुळे शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांचं खचणं कमी झालं, शिक्षकांकडून तोच कार्यक्रम केला तिथे फरक पडला नाही. ह्यात शिक्षकांना नावं ठेवायची नाहीत मला, त्यांना सिलॅबस, जनगणना, निवडणूक सगळं ओढायचंय. पण म्हणून तर ‘टीचर बघतील’ एवढ्यावर सोडू नका म्हणते.

आणखी एक, त्याच्या एका मित्राला पकडा. असेलच एखादा जो हसत नाही पण बोलतही नाही, खाली बघतो. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून बघितलं होतं, 2001 चा अभ्यास आहे, तर छळाच्या बहुतेक प्रसंगांना आजूबाजूला पोरं हजर असतात, फार थोड्या वेळा कोणी मधे पडतं, पण मधे पडलं की निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांत थांबतो. दहा सेकंदांत! मधे पडणं म्हणजे मारामारी नव्हे, ‘चल रे कँटीनला’ म्हणून हात धरून नेलं तरी झालं. त्या मित्राला घरी बोलवा, खायला घाला, त्याला उपदेश करू नका, फक्त त्याला कळू दे की तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला तो चांगला वाटतो.

मिस्टरांना सांगा कानाखाली द्यायची नाही. मुलाने दिली तर त्याच दिवशी तो ‘घाटी तो घाटीच’ ठरेल आणि शाळेला कारवाई करायला एकच पोर सापडेल, तुमचं. त्या मुलांच्या घरी तुम्ही दोघं जाणं हेही नकोच, दारात भांडण होईल आणि वाड्यावर दोन तट पडतील. गोव्यात मुलांसाठी वेगळा कायदा आहे, 2003 चा, अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी, पणजीत मुलांचं वेगळं न्यायालयही आहे, हे माहीत असू द्या, पण पहिल्याच भेटीत धमकी म्हणून काढू नका. समोरची पोरंही चौदाचीच आहेत.

तो जेवत नसेल, झोपत नसेल, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवत असेल, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काहीही, हसत हसत जरी म्हणाला, तर मात्र शाळेच्या मीटिंगची वाट बघू नका. 14416 हा टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, कधीही लावा, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी 1098. आणि बांबोळीला मनोविकार इस्पितळ आहे, तिथे ओपीडीत दाखवायला काही कमीपणा नाही, लोक काय म्हणतील हा विचार त्या दिवशी करायचा नाही.

तुम्ही पीटीएला जा. त्याला आधी सांगून जा, पण जा, आणि जसं येतं तसं कोंकणी बोला. चंदगडची बोली आधीच अर्धी कोंकणीला टेकलेली आहे, तुम्हाला वाटतं तेवढं तुमचं वाईट नसणार. कोणी हसलं तर हसू दे, मुलाला बघू दे की आई हसण्याने मोडत नाही. लमाणी-मजूर ते वाक्य मात्र तिथे नको, घरातही नको.

शाळेने दोन-तीन आठवड्यांत काहीच केलं नाही तर वर शिक्षण खात्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तिथेही टोलवाटोलवी झाली आणि पोरगं खचतच गेलं, तर बदला शाळा, त्यात हरणं वगैरे काही नाही, फक्त त्याला विचारून बदला आणि नव्या शाळेत ‘आम्ही इथलेच’ असं खोटं सांगायला लावू नका.

अर्ज देताना दोन प्रती न्या, एकीवर ऑफिसात शिक्का आणि इनवर्ड नंबर मारून घ्या आणि ती घरी जपून ठेवा. क्लार्क म्हणेल ‘गरज ना, दवरून वच’ (गरज नाही, ठेवून जा), तरी मारून घ्या.